वऱ्हाडातील निवेदने व लोकप्रतिनिधी

सार्वजनिक हिताचे एखादे गाऱ्हाणे वा मागणी सत्ताधाऱ्यापुढे लेखी अगर तोंडी मांडण्याच्या रीतीस विनंतीअर्ज, मेमोरिअल किंवा अलीकडच्या व्यवहारात निवेदन असे म्हणतात. अधिकाऱ्यास केलेला अर्ज आणि लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीस दिलेले निवेदन यांची भाषा पुष्कळदा सारखीच असली, तरी त्यांचे बळ वेगळे असते. अधिकाऱ्याकडे दयेची वा न्यायाची याचना करावी लागते. प्रतिनिधीस अर्जदाराच्या मताचा हिशेब ठेवावा लागतो. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या जुन्या चार जिल्ह्यांत (अकोल्यातून वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला), या दुसऱ्या प्रकारापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्याचे कारण लोकांची अनास्था हे नव्हते. गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे, हाच तेथील मूळ प्रश्न होता.

हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. प्रांताची मालकी निजामाची राहिली, कारभार मात्र हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखालील इंग्रज अधिकारी पाहू लागले. त्यामुळे वऱ्हाडी शेतकरी नावाने निजामाचा प्रजाजन व वस्तुतः इंग्रजांचा ताबेदार अशा दुहेरी स्थितीत आला. त्याचा शेतसारा मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने ठरे. परंतु मुंबईच्या कौन्सिलात त्याची बाजू मांडणारा कोणी नसे. निजामाच्या दरबारात जावे, तर तेथे कारभाराचा अधिकार उरलेला नव्हता. गावचा पाटील किंवा कचेरीच्या आवारात बसणारा अर्जनवीस हाच सामान्य माणसाचा लेखक. त्याने स्टँप लावून लिहिलेला अर्ज तहसीलदाराकडे जाई आणि बहुधा तेथेच थांबे.

मुंबई इलाख्यात या सुमारास सामुदायिक निवेदनाची रीत चांगलीच रुजली होती. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनने सनदेच्या नूतनीकरणापूर्वी ब्रिटिश पार्लमेंटकडे विनंतीअर्ज पाठविला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. तिचा एक नियम विशेष लक्षणीय आहे. सभासद होणाऱ्यास किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. निवडणूक नसलेल्या काळात अर्जदाराने आधी स्वतःचे प्रतिनिधित्व सिद्ध करावे, ही त्यामागील कल्पना होती. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा सरकारचा ठरलेला प्रश्न असे आणि त्यास हे कागदोपत्री उत्तर होते. वऱ्हाडात पुण्याच्या सभेचे अनुकरण अमरावतीस झाले. तेथील वकीलवर्गात रघुनाथ नरसिंह मुधोळकर (१८५७–१९२१), गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) आणि मोरोपंत जोशी ही नावे पुढे आली. हे तिघेही कायद्याचे जाणकार व इंग्रजीवर प्रभुत्व असलेले होते. वऱ्हाडच्या वतीने सरकारशी बोलण्याचे काम त्यांच्याकडे आपोआपच आले.

स्वतःचा प्रतिनिधी नसल्यास दुसऱ्याच्या प्रतिनिधीचे मन वळवावे, हा मार्ग मुधोळकरांनी प्रत्यक्ष अनुभवला. १८८९ च्या मुंबई येथील काँग्रेस अधिवेशनास नॉर्दम्प्टनचे पार्लमेंट सदस्य चार्ल्स ब्रॅडलॉ उपस्थित होते. भारतातील कायदेमंडळांचा विस्तार करून त्यांत निवडणुकीचे तत्त्व आणावे, अशा आशयाचे विधेयक पार्लमेंटमध्ये मांडण्याचे काम त्यांनी पत्करले. इंग्लंडमधील लोकमत त्यास अनुकूल करण्यासाठी काँग्रेसने १८९० मध्ये जे शिष्टमंडळ धाडले, त्यात ॲलन ह्यूम, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व अर्डली नॉर्टन यांच्यासमवेत अमरावतीचे मुधोळकर होते. सभा भरवून इंग्रज मतदारांस हिंदी प्रश्न समजावून द्यावयाचा आणि त्या मतदारांनी आपल्या सदस्यावर वजन पाडावयाचे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. तरीही त्यामागील तर्क बिनचूक होता. पार्लमेंटच्या सदस्यास अमरावतीच्या वकिलाची भीती नव्हती, स्वतःच्या मतदाराची होती. ब्रॅडलॉ १८९१ च्या आरंभी निवर्तले व त्यांचे विधेयक मागे पडले. पण १८९२ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट या सर्व खटपटीच्या पार्श्वभूमीवर संमत झाला. त्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांत बिनसरकारी सदस्यांची संख्या वाढली व त्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. ज्या प्रांताचा एक माणूस त्यासाठी विलायतेस गेला होता, त्या वऱ्हाडास मात्र स्वतःचे कौन्सिल त्यातून लाभले नाही.

डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. सी. शंकरन नायर अध्यक्ष व खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेली असल्याने अधिवेशनावर तिचे सावट होते. निवेदनाच्या उपयुक्ततेविषयीचा वाद येथून पुढे तीव्र होत गेला आणि त्याचे दोन्ही पक्ष एकाच गावात नांदत होते, ही अमरावतीची विशेषता म्हणावी लागेल. मुधोळकर मवाळ पक्षाचे. आकडे, दाखले व कायद्याची कलमे यांनी सजविलेल्या अर्जावर त्यांचा विश्वास होता. ते १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. खापर्डे टिळकांचे निकटचे सहकारी. अशा अर्जांस जहाल पक्ष ‘भिक्षांदेही’ म्हणून हिणवीत असे. ही टीका सर्वस्वी न्याय्य नव्हती. मवाळांच्या अर्जांनी सरकारला फारसे हलविले नाही हे खरे. तथापि सरकारी अहवालांतील आकडे सरकारवरच उलटविण्याची जी कला त्यांनी कमावली, ती पुढील काळात दोन्ही पक्षांच्या व त्यांच्या वारसांच्या उपयोगी पडली.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वऱ्हाड दरसाल २५ लक्ष रुपये खंडाने इंग्रजांस कायमचा देण्यात आला. १ ऑक्टोबर १९०३ पासून तो मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या कारभारास जोडला गेला. निजामाचे सार्वभौमत्व या करारातही मान्य केलेले होते. यातून उद्भवलेली अडचण आज काहीशी चमत्कारिक वाटते. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता, म्हणून तेथील मतदारांनी निवडलेला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात सरळ बसू शकत नसे. १९१४ मध्ये मध्य प्रांताचे कौन्सिल सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडास तीन जागा मिळाल्या. नगरपालिका, जिल्हा बोर्डे व जमीनदार यांनी माणूस निवडावयाचा आणि नंतर सरकारने त्याचे नामनिर्देशन करावयाचे, अशी तोड काढण्यात आली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरही हीच युक्ती चालू राहिली. निवडून आलेला तरी सरकारने नेमलेला, अशा या सदस्याकडे लोक गाऱ्हाणी नेऊ लागले. निजामाच्या हक्काची ही छाया पुरती सरली ती स्वातंत्र्यानंतरच.

खऱ्या अर्थाने मताची भाषा प्रथम चालू झाली ती स्थानिक संस्थांत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडातही नगरपालिका व ग्रामीण बोर्डे यांचे कायदे झाले. मतदार थोडे, कर भरणारे व बहुतांशी शहरी असले, तरी विहीर, रस्ता, दिवा व शाळा यांविषयी अर्ज करण्यास जवळचे ठिकाण मिळाले. अशा संस्थेच्या अधिकाराचे मोल अमरावतीत लागोपाठ घडलेल्या दोन घटनांवरून कळते. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा, यासाठी १९२७ मध्ये चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. मंदिराच्या पंचांना विचारास अवधी देण्याकरिता सत्याग्रह पुढे ढकलण्याचे तीत ठरले. पंच कोणाच्या मतावर निवडलेले नव्हते; त्यांच्यापुढे विनंती किंवा सत्याग्रह एवढेच पर्याय होते. याउलट १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कौन्सिलच्या अखत्यारीतील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. एकाच जिल्ह्यात, एकाच समाजाच्या मागणीस देवळाच्या दारात मुदत मिळाली व विहिरीवर पाणी मिळाले.

द्विदल राज्यपद्धतीच्या काळात प्रांतिक कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. १९२४ मध्ये या सदस्यांनी मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून ठेवले. मंत्र्यांस जबाबदार धरण्याचा हा प्रकार निवेदनापेक्षा कठोर होता. मात्र त्यामुळे सोपीव खात्यांकडे नेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांस वाली उरला नाही, ही त्याची दुसरी बाजू. १९३० मध्ये पंजाबराव कौन्सिलवर निवडून येऊन मंत्री झाले. मंदीत कापसाचे भाव कोसळले होते व शेतकरी सावकाराच्या देण्याखाली दबला होता. १९३३ चा कर्जलवाद कायदा या परिस्थितीतून आला. वऱ्हाडात तो पंजाबरावांच्या खटपटीचे फळ मानला जातो. पुढे १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय मंत्रिमंडळात कृषी खात्याचे मंत्री होते व लोकसभेवर अमरावतीतून निवडून येत होते. शेतकरी थेट मंत्र्याच्या दारात जाऊन वऱ्हाडी बोलीत गाऱ्हाणे सांगू शकतो, ही गोष्ट त्या पिढीला अपूर्व होती.

प्रौढ मतदानानुसार १९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि अर्जदार व मतदार हे प्रथमच एक झाले. भाषेची अडचणही संविधानाने दूर केली. अनुच्छेद ३५० अन्वये कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सादर करता येते. मुधोळकरांच्या पिढीतील अर्ज इंग्रजीत असत आणि ज्याचे दुःख, त्यालाच ते वाचता येत नसत.

वऱ्हाडचे सर्वांत मोठे सामुदायिक निवेदन राज्यपुनर्रचनेच्या वेळी झाले. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार व २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांनी मराठी भाषकांच्या एका राज्यात विदर्भास कोणती हमी मिळावी, याची बोलणी केली होती. त्यास छेद देणारी मागणी माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८) व ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८) यांनी राज्यपुनर्रचना आयोगापुढे मांडली आणि वेगळ्या विदर्भ राज्याचा आग्रह धरला. आयोगाकडे देशभरातून १,५२,२५० लेखी निवेदने आली. त्यांपैकी सुविचारित म्हणता येतील अशी सु. २,००० च्या वर नव्हती, असे आयोगानेच नमूद केले आहे. बाकीच्यांत तारा, ठराव व ठशीव मजकुराची पत्रे होती. विदर्भाच्या पुरस्कर्त्यांची बाजू आयोगास पटली व ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आठ जिल्ह्यांच्या विदर्भ राज्याची शिफारस झाली. ती अमलात मात्र आली नाही. आयोग पटविणे निराळे आणि संसद पटविणे निराळे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीमागे उभे राहिलेले जनमत या शिफारशीहून वजनदार ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

या बदलाने अंतराचा प्रश्न उभा केला. अमरावतीहून जुनी राजधानी नागपूर सु. १५० किमी.; नवी राजधानी मुंबई बडनेऱ्याहून लोहमार्गाने सु. ६६० किमी. आहे. खेड्यातील माणसास मंत्रालय गाठणे म्हणजे दोन रात्रींचा प्रवास व मुक्कामाचा खर्च. नागपूर करारातील एक कलम येथे उपयोगी पडले. वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला भरावे व शासनाने ठराविक काळ तेथे राहावे, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार १९६० पासून हिवाळी अधिवेशन नागपूरला भरू लागले. काही वर्षी, उदा., १९६२, २०२० व २०२१ मध्ये, ते तेथे झाले नाही. या अधिवेशनाभोवती निवेदनाची एक स्वतंत्र रीत तयार झाली. एसटीने व रेल्वेने लोक येतात, मोर्चा निघतो, पोलिसांच्या अडथळ्यांपाशी तो थांबतो, तेथून पाचसात जणांचे शिष्टमंडळ विधान भवनात नेले जाते आणि मंत्री निवेदन स्वीकारतात. बाहेर बसलेल्या समुदायास आत काय झाले हे शिष्टमंडळाच्या तोंडूनच कळते. मंत्र्याने निवेदन घेतले की नाही, यास म्हणूनच आश्वासनाइतकेच महत्त्व येते.

सभागृहातील साधने याहून कमी दिसणारी, पण अनेकदा अधिक कामाची असतात. आमदाराने विचारलेला तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व अर्धा तास चर्चा यांस शासनास उत्तर द्यावे लागते. दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. सदस्याची प्रतिस्वाक्षरी असलेला नागरिकांचा अर्ज सभागृहात सादर झाल्यास तो विनंती अर्ज समितीकडे जाऊ शकतो. ही शेवटची वाट फार थोड्यांस ठाऊक असते. साधे निवेदन कचेरीत आवक क्रमांक घेऊन नस्तीत पडते व ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा घेऊन फिरत राहते. सभागृहात विचारलेल्या प्रश्नास मात्र तारीख असते.

आकड्यांचा युक्तिवाद किती दूर जातो, याचे उदाहरण विकासाच्या अनुशेषाचे आहे. १९६७ मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून झालेल्या आंदोलनात माणसे बळी पडली. विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले व त्यास पंजाबरावांचे नाव देण्यात आले. परंतु प्रत्येक मागणीस असे मोल देणे कोणत्याही समाजास परवडणारे नाही. विदर्भातील आमदारांनी पुढे तक्रारीऐवजी तुलना पुढे केली. सिंचन, रस्ते, वीज व शाळा यांत राज्याच्या सरासरीपेक्षा आपण किती मागे आहोत, ते मोजून सांगा, अशी ती मागणी होती. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने एप्रिल १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याचा एकूण अनुशेष तिने ३,१८६.७८ कोटी रुपये ठरविला व त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, म्हणजे सु. ३९ टक्के निघाला. ‘अन्याय’ हा शब्द नाकारता येतो, हा आकडा नाकारणे कठीण होते. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाचे बी. टी. देशमुख १९८० पासून तीन दशके विधान परिषदेत होते; अनुशेषाचे आकडे घेऊन शासनाची उत्तरे तपासणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. अनुच्छेद ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

गाऱ्हाणे कोणाकडे न्यावयाचे हा जुना प्रश्न लहान प्रमाणात आजही शिल्लक आहे. अमरावती शहराच्या बडनेरा रस्त्यावरील राजापेठ भागात लोहमार्ग व रस्ता यांची गाठ पडते. अशा ठिकाणी शहरातील रस्ता महानगरपालिकेचा (ही महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली), रूळ केंद्राच्या रेल्वे खात्याचे आणि पुलासाठी लागणारे अनुदान पुष्कळदा राज्याचे असते. त्यामुळे एका पुलाची मागणी नगरसेवक, आमदार व खासदार अशा तिघांपुढे न्यावी लागते. तिघांना तिघांच्या अधिकारापुरते वेगळे निवेदन देऊन प्रत्येकाची पोच घेणारी वस्ती आणि एकच कागद सर्वांना वाटणारी वस्ती यांच्या अनुभवात फरक पडतो. कारण दुसऱ्या प्रकारात प्रत्येकास उरलेल्या दोघांकडे बोट दाखविण्यास जागा राहते.

या प्रश्नाचे सर्वांत दारुण रूप २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला दिसले. विदर्भात गुरे राखणाऱ्या गोवारी समाजास अनुसूचित जमातीच्या सवलती हव्या होत्या. केंद्राच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती दोन जमातींची नावे असून मधला स्वल्पविराम गळला आहे, असे समाजाचे म्हणणे होते. गोवारी व गोंड गोवारी एक नव्हेत, असे राज्य शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयात सांगितले होते. हिवाळी अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात हजारो स्त्रीपुरुष मुलाबाळांसह आले. दिवसभर ते अडथळ्यांपाशी निवेदन स्वीकारले जाण्याची वाट पाहत थांबले होते. सायंकाळी उडालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्यू पावले. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला व न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. १९९५ मध्ये गोवारींचा समावेश दोन टक्के आरक्षणाच्या विशेष मागास प्रवर्गात झाला. मूळ मागणी मात्र तशीच राहिली आणि ती न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी समाजाच्या बाजूने निर्णय दिला; सर्वोच्च न्यायालयाने तो १८ डिसेंबर २०२० रोजी रद्द केला. अनुच्छेद ३४२ अन्वये अनुसूचित जमातींच्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेचा आहे. ज्या विधान भवनाच्या वाटेवर ती माणसे मेली, तेथील सभागृहास ती यादी बदलण्याचा अधिकार त्या दिवशीही नव्हता. केंद्राकडे शिफारस करणे एवढेच राज्याच्या हाती होते.